रेषा नगरपालिकेची, मोहोर सरकारची

महाराष्ट्रातील एखाद्या नगरपरिषदेच्या हद्दीत जमिनीच्या कोणत्या तुकड्यावर घर उभे राहावे, कोठे बाजार भरावा, कोणत्या शेतातून रस्ता जावा आणि कोणती जागा शाळेसाठी राखून ठेवावी, याचा निर्णय कागदोपत्री तेथील निवडून आलेली सभा घेते. परंतु या निर्णयाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की नकाशावर रेषा ओढण्याचा अधिकार लहान शहरांना हप्त्याहप्त्याने मिळत गेला, त्या रेषेखालच्या जमिनीचे मोल चुकवण्याची ऐपत मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. आरक्षणांवरून होणारे वाद, रस्तारुंदीचे तंटे, ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ यांच्या सीमेवरची ओढाताण, गुंठेवारीच्या वसाहती यांचे मूळ बहुतांशी या विसंगतीत आहे. नगरसेवकांचा लोभ आणि पुढाऱ्यांचे हितसंबंध हे कारण नेहमी पुढे केले जाते आणि ते खोटेही नाही, पण तेवढ्याने हा इतिहास उलगडत नाही.

नगरपालिका येण्यापूर्वीही जमीनवापराचे नियमन होतेच. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची असेल तर एखाद्या कर्त्या व्यक्तीला शेटेपणाचे किंवा महाजनकीचे वतन देऊन व्यापारी आणि कारागीर आणून वसवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली जाई, आणि येणाऱ्यांना कौल, म्हणजे काही वर्षे करमाफीचे व संरक्षणाचे लेखी अभयवचन, दिला जाई. जागा कोणाला, किती आणि कोणत्या रांगेत द्यायची हे शेटे-महाजन ठरवीत. पुण्यासारख्या राजधानीच्या शहरात घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणे, रस्त्यांवर व गल्ल्यांवर देखरेख करणे आणि त्यांतून उद्भवणारे तंटे मिटवणे ही कोतवालाची कामे होती. लहान कसब्यांत हेच काम पाटील, कुलकर्णी, शेटे आणि गोतसभा मिळून करीत. गोतसभा म्हणजे वतनदार, बलुतेदार आणि जाणत्या ग्रामस्थांची निवाड्यासाठी जमणारी बैठक. घराच्या हद्दीचा वाद असला की जुन्या भिंतीचा पाया उकरून पाहिला जाई, शेजाऱ्यांच्या साक्षी होत आणि निवाडपत्र लिहिले जाई.

या व्यवस्थेकडे हळवेपणाने पाहण्याचे मात्र कारण नाही. गावाची आणि कसब्याची सर्वांत जुनी व सर्वांत कठोर विभागणी जातीची होती. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा या वस्त्या कोणत्या दिशेला आणि वेशीपासून किती दूर असाव्यात, पाणवठा कोणाचा कोणता, हे रूढीने पक्के केलेले होते, आणि आजच्या नियोजनाच्या भाषेत ज्याला निवासी विभाग म्हणतात त्याच्या आत ही विभागणी पुढेही शाबूत राहिली. कातडी कमावण्यासारखे ‘उपद्रवी’ धंदे वस्तीबाहेर असावेत असे ब्रिटिश काळातील नगरपालिका कायद्यांनी म्हटले, तेव्हा तो नियम आरोग्याच्या नावाने आला. प्रत्यक्षात तो जेथे लागू झाला त्या जागा रूढीने आधीच गावाबाहेर टाकलेल्या होत्या. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये.

१८५० च्या २६ व्या अधिनियमाने रहिवाशांनी अर्ज केल्यास एखाद्या शहरात नगरपालिका स्थापन करण्याची सोय झाली, आणि पनवेल (१८५२), सातारा (१८५३) अशा गावांनी मुंबई इलाख्यात तिचा लवकर लाभ घेतला. या आरंभीच्या नगरपालिका म्हणजे कलेक्टरच्या छायेखाली चालणारी नेमलेल्या सभासदांची मंडळे होती, आणि दिवाबत्ती, झाडलोट, गटारे व रस्ते यांपलीकडे त्यांची मजल फारशी जात नसे. १८७३ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम, व्हाइसरॉय रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर आलेला १८८४ चा अधिनियम आणि १९०१ चा अधिनियम यांनी क्रमाने निवडणूक आणली, अधिकार वाढवले आणि बांधकामापूर्वी नगरपालिकेला सूचना देऊन परवानगी घेण्याची पद्धत रूढ केली. याच काळात सार्वजनिक रस्त्याची नियमित रेषा ही कल्पना आली. रस्ता भविष्यात किती रुंद असावा हे आधी ठरवून ठेवायचे, आणि त्या रेषेपुढे आलेले घर पडले किंवा पाडून नव्याने बांधायला घेतले की मालकाला मागे सरायला लावायचे, असा तिचा अर्थ. नुकसानभरपाई फक्त सोडलेल्या पट्टीची द्यावी लागत असल्याने ही युक्ती स्वस्त होती. पण घरे एकाच वेळी पडत नसल्याने बाजारपेठेचा रस्ता दातेरी होत गेला. एक घर तीन हात मागे, दुसरे जुन्याच ओळीत, तिसऱ्याचा ओटा गटारावर, असे दृश्य अनेक जुन्या पेठांत अजूनही दिसते.

नगरपालिकांच्या सभांपुढे येणारे तंटे या काळात फार बारीक स्वरूपाचे होते आणि त्यांतूनच शेजारधर्माचा खरा पोत कळतो. वळचणीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, ओटा खासगी की रस्त्याचा भाग, दोन घरांमधला बोळ सामाईक की एकट्याचा, नवी माडी चढल्यामुळे शेजारच्या माजघराचा उजेड अडतो का, मोरीचे सांडपाणी कोणत्या बाजूने काढायचे, असे हे प्रश्न होते. उजेड, वारा आणि वहिवाट यांचा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळतो असे सांगणारा १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाल्यावर हे वाद दिवाणी न्यायालयात जाऊ लागले, आणि एकाच भिंतीबाबत नगरपालिकेची परवानगी एक सांगते व न्यायालयाचा मनाईहुकूम दुसरेच, असा पेच निर्माण झाला. परवानगी मिळाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे; तो चुकीचा आहे.

नगरपालिकेच्या अधिकाराला दुसरी मर्यादा महसूल खात्याची होती. मूळ मोजणीच्या वेळी प्रत्येक गावाचे गावठाण, म्हणजे घरवस्तीची हद्द, आखून घेतले गेले, आणि त्याबाहेरची जमीन शेतसाऱ्याची ठरली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने शेतजमिनीवर शेतीखेरीज दुसरा वापर करण्यासाठी कलेक्टरची परवानगी आवश्यक केली, तीच पुढे ‘बिनशेती’ किंवा बोलीभाषेत ‘एनए’ म्हणून सर्वांच्या तोंडी बसली. परिणाम असा झाला, की शहराच्या आतल्या भागात घर कसे बांधावे हे नगरपालिका सांगे, पण शहर बाहेर कोणत्या दिशेने वाढेल हे कलेक्टर कचेरीतील अर्जांवरून ठरे. सरकारच्या दृष्टीने बिनशेती परवानगी ही प्रामुख्याने साऱ्याची बाब होती. ती देताना रस्ते, गटारे आणि शाळा यांचा विचार दुय्यम राही.

१८९६ मध्ये आलेल्या प्लेगने हे चित्र ढवळून काढले. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, घरांत ऊन यावे म्हणून कौले उतरवली गेली, आणि साथ ओसरल्यावर दाट गावठाणाबाहेर मोकळ्या जागेत नवी वस्ती करण्याची निकड सर्वांनाच पटली. गावठाणवाढ हा शब्द पुढच्या काळात सरकारी कागदांत रुळला. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, पण लहान शहरांना असा ट्रस्ट परवडणारा नव्हता. संस्थानी मुलखात राजाच्या एका हुकमाने काम होई: कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि पुढे आपल्या जनकपित्याच्या नावे जयसिंगपूर हे काटकोनी रस्त्यांचे गाव आखून घेतले. जमीन, पैसा आणि निर्णय एकाच हाती असल्यावर आखणी किती सरळ होते याचा तो नमुना आहे, आणि म्हणूनच तो निवडून आलेल्या नगरपालिकेला उपयोगाचा नाही.

ब्रिटिश मुलखातील नगरपालिकांच्या पैशाच्या प्रश्नाला सर्वांत विचारी उत्तर दिले ते १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्याचा आणि जमिनींच्या तुकड्यांची फेरवाटणी करण्याच्या जर्मन पद्धतीचा, विशेषतः फ्रँकफुर्टसाठी केलेल्या १९०२ च्या कायद्याचा, त्यावर प्रभाव होता, आणि सरकारचे सल्लागार सर्वेक्षक ए. ई. मिराम्स हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. नगररचना योजनेत एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जात, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा वेगळ्या काढल्या जात आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नव्या आकारात परत दिली जाई. मालकाचा लांबोडका, वेडावाकडा शेततुकडा हा ‘मूळ भूखंड’ आणि त्याऐवजी रस्त्यालगत मिळणारा चौकोनी तुकडा हा ‘अंतिम भूखंड’. क्षेत्र कमी झाले तरी किंमत वाढे, आणि त्या वाढीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा सुधारणा-अंशदान म्हणून वसूल करून योजनेचा खर्च भागवावा अशी तरतूद होती. मोबदला, अंशदान आणि भूखंडांची अदलाबदल यांवरील हरकती ऐकण्यासाठी सरकार लवाद नेमी. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले ही तेव्हाची मुंबईबाहेरची उपनगरे या योजनांतून आकाराला आली.

पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश विचारवंत याच सुमारास इलाख्यातील अनेक शहरे पायी हिंडून पाहत होते. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापत नेण्याच्या अभियंत्यांच्या हौसेला त्यांनी कडाडून विरोध केला. पडकी घरे तेवढी काढावीत, विहीर, पार आणि चौक राखावेत आणि गल्लीला जागोजागी श्वास घेऊ द्यावा, अशी त्यांची शिफारस असे. नगरपालिकांनी मात्र गेडीसना मान दिला आणि रस्तारुंदीचा आग्रह कायम ठेवला, असेच एकंदरीत म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर वाट बदलली. १९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने प्रत्येक स्थानिक संस्थेला संपूर्ण हद्दीची विकास योजना तयार करणे बंधनकारक केले, आणि राज्याच्या विभाजनानंतर आलेल्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने तिला मध्यवर्ती स्थान दिले. गुजरातने जुन्या नगररचना योजनांची पद्धत टिकवली व वाढवली. महाराष्ट्राने मात्र विकास योजनेत जागा आरक्षित करायची आणि नंतर ती संपादन करायची हा मार्ग धरला. पहिल्या पद्धतीत रस्त्याचा आणि शाळेचा भार भागातील सर्व मालकांवर थोडाथोडा पडतो, दुसऱ्या पद्धतीत ज्याच्या शेतावर रंग पडला त्याच्या एकट्यावर; शेजारच्याची जमीन मात्र त्याच रंगामुळे सोन्याच्या भावाने जाते. एकाच बांधावरच्या दोन भावांपैकी एक लखपती आणि दुसरा कोर्टात, हा प्रकार महाराष्ट्रातील निमशहरी भागांना अनोळखी नाही, आणि त्याची जबाबदारी १९६६ च्या निवडीवर बऱ्याच अंशी जाते.

विकास योजना तयार होण्याची रीत पाहिली तर सत्तेची विभागणी नेमकी कळते. नगरपरिषद प्रथम सभेत ठराव करून योजना करण्याचा इरादा जाहीर करते. मग नगररचना खात्याचा अधिकारी हद्दीतील प्रत्येक जागेचा चालू वापर पाहून विद्यमान जमीनवापर नकाशा करतो, आणि त्यावरून प्रस्तावित जमीनवापर नकाशा तयार होतो: राहण्याची जागा पिवळी, व्यापाराची निळी, उद्योगाची जांभळी, शेतीची हिरवी. सभेने मान्य केलेले प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि नगरपालिकेच्या भिंतीवर लावलेल्या नकाशापुढे माणसे सर्व्हे नंबर शोधत बोट फिरवू लागतात. हरकतींचा मजकूर गावोगाव सारखाच असतो. रस्ता पलीकडच्या बाजूने सरकवावा, आरक्षण सरकारी गायरानावर टाकावे, अमक्याची मोठी जमीन वगळून अल्पभूधारकाच्या तुकड्यावरच रंग का, अशी ती कैफियत असते. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यानंतर योजना शासनाकडे जाते, आणि शासन ती जशीच्या तशी, फेरबदलांसह किंवा काही भाग वगळून मंजूर करते. मोठ्या फेरबदलांचे जे तुकडे पुन्हा हरकतींसाठी वेगळे काढले जातात त्यांना ‘वगळलेला भाग’ म्हणतात आणि त्यांची मंजुरी मूळ योजनेनंतर अनेक वर्षे रेंगाळू शकते. मंजूर योजनेत नंतर किरकोळ बदल करण्यासाठी १९६६ च्या अधिनियमात कलम ३७ आहे, ज्याखाली सभेने ठराव करून, हरकती ऐकून प्रस्ताव शासनाला धाडायचा असतो. ‘आरक्षण उठवणे’ हा लहान शहरांच्या राजकारणातील बहुचर्चित उद्योग या कलमाभोवती फिरतो. नगरपरिषदेचा एखादा ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध वाटल्यास त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे, आणि बांधकाम परवानगीचे रोजचे काम मुख्याधिकारी या सरकारी नोकराकडे आहे. म्हणजे निवडून आलेल्या सभेच्या हाती उरतो तो ठराव.

या ठरावाची किंमत किती, हे १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ वरून न्यायालयांत ठरले. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन किंवा त्यासाठीची पावले न उचलल्यास आरक्षण आपोआप रद्द, म्हणजे व्यपगत, व्हावे, अशी ही तरतूद आहे. नोटिशीनंतरची मुदत आरंभी सहा महिन्यांची होती. ती २००९ मध्ये बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांवर नेण्यात आली. नोटीस मिळाली की सभेत घाईघाईने संपादनाचा ठराव करायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा आणि पाऊल उचलले असे म्हणायचे, ही अनेक नगरपरिषदांची वहिवाट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात बहुमताने असे म्हटले, की नुसता ठराव किंवा प्रस्तावाचे पत्र हे कायद्याच्या अर्थाने पाऊल नव्हे. संपादनाची प्रत्यक्ष प्रक्रिया चालू झाली पाहिजे. २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. श्रीरामपूर हे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील रेल्वे आणि साखरेवर वाढलेले तालुक्याचे गाव, आणि त्याची अडचण राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची होती: शाळेसाठी आणि मैदानासाठी जागा हवी आहे, ठरावही एकमुखी आहे, तिजोरीत मात्र मोबदल्याइतकी रक्कम नाही. मालकाची बाजूही तितकीच खरी होती, कारण दहा-वीस वर्षे ना विकता येते, ना बांधता येते, ना मोबदला मिळतो अशा अवस्थेत जमीन अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही असू नये. न्यायालयाचा निवाडा न्याय्य होता. त्यामुळे गेलेली क्रीडांगणे परत येणार नाहीत, हेही तितकेच खरे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने मोबदला बाजारभावाच्या दुपटीवर नेल्यानंतर रोख पैसे देऊन आरक्षण ताब्यात घेणे लहान नगरपरिषदांच्या आवाक्याबाहेर गेले, आणि मालकाला जमिनीऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा अधिकार, देण्याची मुंबईत १९९१ मध्ये सुरू झालेली पद्धत त्यांच्यापर्यंत आणण्यात आली. जेथे दुमजली घरांचीच वस्ती आहे तेथे हा हक्क विकत घेणारा सापडत नाही, ही त्यातली मेख आहे.

नियोजनाने ज्यांना जागा दिली नाही त्यांनी ती गुंठ्याने घेतली. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. गिरणी कामगार, हमाल, शिपाई किंवा शिक्षक यांच्या मिळकतीत बसणारा तेवढाच तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे इतके लहान तुकडे पाडण्यास मनाई असल्याने हे व्यवहार मुद्रांक कागदावर होत किंवा सातबाऱ्यावर अनेकांची नावे सामाईक चढत, आणि हिरव्या विभागात, बिनशेती न झालेल्या जमिनीवर, नऊ-दहा फुटी रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहत. सांगली आणि तेव्हाचे औरंगाबाद येथे या वसाहतींचा विस्तार विशेष झाला. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. कायदा पाळून बिनशेती करणाऱ्याने शुल्क आधी भरले आणि न पाळणाऱ्याने नंतर, एवढाच फरक राहिला, अशी टीका यावर झाली. ती रास्त असली तरी अधिकृत ले-आउटमधील भूखंड त्या लोकांना कोणत्या दराने मिळणार होता, हा प्रश्न टीकाकार टाळतात.

अधिकृत ले-आउटचीही एक वेगळी कथा आहे. ठरावीक क्षेत्रावरील रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते आणि ती तेथील रहिवाशांच्या उपयोगासाठी असते. ‘ओपन स्पेस’ या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर आधी एक पार, मग छोटे मंदिर, मग सभामंडप, पुढे आमदार-खासदार निधीतून समाजमंदिर आणि व्यायामशाळा, असा क्रम अनेक शहरांत दिसतो. निम्म्या रहिवाशांना मंदिर हवे असते, निम्म्यांना मुलांसाठी मैदान, आणि नगरसेवक दोघांनाही दुखावत नाही. नगररचनेचे वाद मोठ्या भूखंडांवरून होतात अशी समजूत असली तरी शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येते ते बहुधा या दहा टक्क्यांवरून.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोग्या अठरा विषयांची यादी दिली. तिच्यातील पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन आणि दुसरा जमिनीचा वापर व इमारतींचे बांधकाम यांचे नियमन. यादीत हे विषय सर्वांत वर असले तरी महाराष्ट्रात उलट दिशेनेच पावले पडली. नगरपरिषदांसाठी २०१३ मध्ये प्रमाणित विकास नियंत्रण नियमावली आली आणि डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता जवळपास सर्व राज्याला एकच नियम लागू केले, त्यामुळे कोकणातील उतरत्या छपरांच्या गावाला आणि मराठवाड्यातील धाब्याच्या घरांच्या गावाला सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, एकाच तक्त्यातून मोजावी लागते. नियमांतील गोंधळ आणि त्याआडचा गैरव्यवहार कमी व्हावा हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण गावाने स्वतःचे नियम स्वतः करण्याची उरलीसुरली शक्यताही त्यात गेली. विकास योजनेचा वीस वर्षांनी फेरविचार करण्याचे बंधन १९६६ च्या अधिनियमात आहे, आणि त्या फेरविचारातही सभेच्या ठरावाने ओढलेली रेषा शासनाच्या मंजुरीवाचून कायम होत नाही.